जनरल थोरात : वडगाव ते सँडहर्स्ट, आणि पुढे

आमच्या हॉस्टेलवर नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याचा एक मित्र आहे. मागच्या सेमिस्टरला तो एस.एस.बी.ला भोपाळला जाऊन आला. चिंचपाडा स्टेशनवरून पॅसेंजर, भुसावळला गाडी बदलून भोपाळ, आणि तिथे छातीवर एक नंबर. पाच दिवस त्याला कोणी नावाने हाक मारली नाही, नुसता चेस्ट नंबर! पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये अर्ध्याहून जास्त मुलं घरी गेली. हा टिकला, शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत गेला, आणि मग निवडलेल्यांचे नंबर वाचले त्यात याचा नव्हता. परत आल्यावर दोन दिवस तो मेसमध्ये कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला की आपल्या मराठी मुलांमध्ये ऑफिसर व्हायची परंपराच नाही, शिपाई व्हायची आहे.

हे बोलणं डोक्यात राहिलं. खरं आहे का, म्हणून लायब्ररीत शोधायला गेलो आणि एका माणसापाशी अडकलो. त्या माणसाची ही गोष्ट. नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. लष्करात त्यांना एस.पी.पी. थोरात म्हणत.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे आधीच सांगून टाकतो. थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर भागातल्या वडगावचा. त्या काळात मराठा पलटणी होत्याच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींनी कुतच्या वेढ्यात उपासमार सोसली. पण त्या पलटणीत आपला माणूस फार तर जमादार, सुभेदार व्हायचा. सुभेदार म्हणजे गावात केवढा मान! पण वीस वर्षं नोकरी केलेल्या सुभेदाराने इंग्लंडहून कालच आलेल्या वीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. कारण एकच. साहेबाकडे किंग्ज कमिशन, म्हणजे राजाच्या सहीची सनद, आणि ती हिंदी माणसाला मिळत नव्हती. माणूस लायक आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, दारच बंद.

ते दार १९१७ साली किलकिलं झालं. महायुद्धात हिंदी शिपाई लाखोंनी लढत होता, बदल्यात काहीतरी देणं इंग्रजांना भाग होतं. १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहा! आजचा पाकिस्तान, बांगलादेश धरून सगळ्या देशासाठी दहा. आपल्या कॉलेजच्या एका ब्रँचच्या मॅनेजमेंट कोट्यात याहून जास्त सीट असतील.

निवड कशी व्हायची तेही ऐका. आज जाहिरात निघते, आपण फॉर्म भरतो, यू.पी.एस.सी.चा पेपर देतो किंवा इंजिनिअर असू तर टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सला अर्ज करतो, आणि एस.एस.बी.ला पहिल्यांदाच जात असू तर रेल्वेचं भाडंसुद्धा सरकार देतं. तेव्हा अर्ज जिल्ह्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याकडे जायचा, तिथून गव्हर्नरकडे. घराणं कोणतं, वडील काय करतात, सरकारशी निष्ठा कशी, हे आधी बघितलं जायचं. त्या चाळणीतून उरलेल्यांची लेखी परीक्षा आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या बोर्डापुढे मुलाखत. शेवटचा शब्द व्हाइसरॉयचा. सायकॉलॉजिस्ट नाही, ग्राउंड टास्क नाही, एखाद्या मुलाने चुकीच्या माणसासमोर चुकीचं वाक्य बोललं की संपलं. गुणांवर निवडण्याची सिलेक्शन बोर्डाची पद्धत पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली आली. आपण ज्या एस.एस.बी.ला शिव्या घालतो ती त्या मानाने फार न्यायाची गोष्ट आहे असं माझं मत झालं आहे. (मित्राला अजून पटलेलं नाही.)

थोरातांचे वडील पांडुरंग पाटील हे शिकलेले, शेतीशास्त्रातले नाव असलेले गृहस्थ. त्यामुळे घरात पुस्तकं होती, इंग्रजी होतं, आणि मुलाला बोटीत बसवून सातासमुद्रापार पाठवायची ऐपत आणि हिंमत होती. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी वडगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला सँडहर्स्ट शक्यच नव्हतं, कारण तिथली फी आणि खर्च घरच्यांना भरावा लागायचा. पण पैसा असलेली घराणी पुष्कळ होती, आणि मुलाला डॉक्टर, वकील, आय.सी.एस. करायचं सोडून शिपाईगिरीला पाठवणारी मराठी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

आता सँडहर्स्ट. लंडनजवळ सरे परगण्यातल्या कँबर्लीला लागून हे कॉलेज आहे. कोर्स दीड वर्षाचा, ज्युनिअर, इंटरमीजिएट आणि सीनिअर अशा तीन टर्मचा. उमेदवाराला तिथे जंटलमन कॅडेट म्हणत. सगळ्यात गंमत ड्रिलच्या सार्जंटची. हा राजाच्या गार्ड्स पलटणीतला सहा फुटी माणूस. कॅडेट पुढे ऑफिसर होणार म्हणून तो त्याला प्रत्येक वाक्यात सर म्हणणार, आणि त्याच वाक्यात त्याची अशी काही उतरवणार की सात पिढ्या आठवाव्यात. सर म्हणून शिव्या खायची ही पद्धत पुढे तिथून डेहराडून आणि खडकवासल्याला जशीच्या तशी आली. एन.डी.ए.ला गेलेला कोणी सीनिअर भेटला तर विचारून बघा.

पहाटे उठणं, बूट आरशासारखे चमकवणं, परेड, पी.टी., घोडेस्वारी, मग वर्गात नकाशावाचन, डावपेच, लष्करी कायदा, पुन्हा परेड, आणि प्रत्येक पिरियडच्या मध्ये धावत जाऊन पोशाख बदलणं. बटण एक मिलिमीटर वाकडं असलं तरी शिक्षेची जादा परेड. आपल्या वर्कशॉपच्या बॉयलर सूटला चालणारी सवलत तिथे नाही. त्यात इंग्लंडची थंडी, बेचव जेवण, आणि चार-पाचशे गोऱ्या पोरांत बोटावर मोजण्याइतके काळे. ती पोरं तिथल्या पब्लिक स्कूलमधून आलेली, म्हणजे लहानपणापासून बोर्डिंगमध्ये वाढलेली, काटाचमचा आणि रगबी दोन्ही अंगात मुरलेली. आपल्याकडच्या मुलाला हे सगळं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, परक्या भाषेत, एकदम शिकायचं. सुरुवातीच्या वर्षांत हिंदी कॅडेट बऱ्याच संख्येने नापास होऊन परत आले यात नवल नाही. इंग्रजांनी त्यावरून निष्कर्ष काढला की हिंदी माणसात नेतृत्वाचा गुण नाही. दहा मुलांना पूर्वतयारीशिवाय पाण्यात ढकलायचं आणि चार बुडाली की यांना पोहता येत नाही म्हणायचं, असला हा प्रकार. ही तयारी करून घेणारी शाळा, डेहराडूनचं रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज, निघाली तीच मुळी १९२२ मध्ये.

थोरात ज्या काळात तिथे होते त्याच काळात कॉलेजचे अॅडज्युटंट होते ब्राउनिंग नावाचे गार्ड्सचे अधिकारी. पासिंग आउट परेड संपताना अॅडज्युटंट आपला घोडा थेट जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवरून वर चढवून दरवाज्यातून आत नेतो, ही सँडहर्स्टची प्रसिद्ध प्रथा या ब्राउनिंगपासून १९२६ च्या सुमारास सुरू झाली. हेच ब्राउनिंग पुढे दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधल्या आर्नेमच्या छत्रीधारी मोहिमेत मोठ्या हुद्द्यावर होते.

थोरातांच्या आगेमागे असलेल्या हिंदी कॅडेटांत कूर्गचा एक उंच, रगेल मुलगा होता. नाव के. एस. थिमय्या. तो १९२६ च्या सुरुवातीला पास झाला, थोरात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

कमिशन मिळालं म्हणजे सुटलो असं नव्हतं. पहिलं वर्ष हिंदुस्थानातल्याच एका गोऱ्या पलटणीत उमेदवारी करायची आणि मग हिंदी पलटण. तीही कुठलीही नाही! हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्याला काम करावं लागू नये म्हणून १९२३ मध्ये सरकारने आठ पलटणी बाजूला काढल्या, हिंदी अधिकाऱ्यांनी त्यातच जायचं. बाकी सैन्य गोऱ्यांचं शाबूत. हुद्दा तोच, सनद तीच, पण वेगळं ताट. छावणीतल्या कित्येक क्लबांत हिंदी अधिकाऱ्याला प्रवेश नव्हता. मेसमध्ये मात्र त्याच गोऱ्यांबरोबर रोज रात्री पूर्ण पोशाखात जेवायचं.

थोरात ज्या पलटणीत गेले ती या आठांपैकीच एक, चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली बटालियन. या एका पलटणीच्या मेसमधून कोण कोण गेलं हे वाचताना मी थक्क झालो. पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयुब खान इथलेच. आझाद हिंद सेना पहिल्यांदा उभी करणारे मोहनसिंग इथलेच. १९४५ साली लाल किल्ल्यात ज्यांच्यावर खटला चालला ते शाहनवाज खान आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ, तेही इथलेच! मलायात १९४१-४२ मध्ये जपान्यांनी ही बटालियन मोडली, तिथून या लोकांच्या वाटा फुटल्या. थोरात तेव्हा बटालियनबरोबर नव्हते. असते तर कुठल्या बाजूला गेले असते, हा प्रश्न मनात येतो. उत्तर कोणालाच देता येणार नाही.

वायव्य सरहद्दीवरची नोकरी, क्वेट्याचं स्टाफ कॉलेज, हा मधला भाग मी भराभर ओलांडतो, कारण परीक्षेची खरी वेळ आली १९४५ च्या जानेवारीत, ब्रह्मदेशात.

आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाचं खेडं आहे. खाजण, चिखल, भरती-ओहोटीच्या खाड्या आणि त्यात मधेच उठलेल्या टेकड्या. जपानी फौज ज्या किनारी रस्त्याने माघार घेत होती तो रस्ता इथे तोडायचा होता. या कामावर २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड आली. त्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे कमांडर हिंदी होते, आणि त्या सैन्यात ही गोष्ट जवळजवळ कुठेच नव्हती. एका बटालियनवर थिमय्या, दुसरीवर एल. पी. सेन, आणि तिसरी, म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन, थोरातांकडे. मेलरोज नावाची टेकडी जपान्यांनी खंदक खणून पक्की धरली होती. तिच्यावरच्या हल्ल्यांत तिन्ही बटालियनची माणसं पडली. २९ जानेवारीला थोरातांच्या बटालियनने हल्ला चढवला, हातघाईची, संगिनींची लढाई झाली आणि टेकडी पडली. तिघाही कमांडरांना डी.एस.ओ. हे मोठं शौर्यपदक मिळालं. हिंदी माणूस पलटण चालवू शकतो का, हा सँडहर्स्टच्या दहा जागांपासून चाललेला वाद त्या चिखलात संपला. संपवायला किती माणसं गेली, हा हिशोब मात्र कोणी त्या वादात मांडला नाही.

स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, अयुब खान पलीकडे गेले. थोरात इकडे भराभर वर चढले, कारण गोरे अधिकारी गेल्यावर वरच्या जागांसाठी अनुभवी माणसंच थोडी होती. १९५३ साली त्यांच्या वाट्याला एक विचित्र काम आलं.

कोरियाचं युद्ध थांबलं होतं. पण दक्षिणेकडच्या छावण्यांत असे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी होते ज्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं. अशा कैद्यांचं काय करायचं हे ठरवायला पाच तटस्थ देशांचं कमिशन नेमलं, अध्यक्ष थिमय्या. आणि कैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली, कस्टोडियन फोर्स इंडिया, तिचे कमांडर थोरात. सँडहर्स्टचे दोघे परत एकत्र! दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतावर इतके चिडलेले की आपल्या जमिनीवर भारतीय शिपायाचं पाऊल नको म्हणाले. मग आपली माणसं जहाजावरून अमेरिकन हेलिकॉप्टरने उचलून दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवली. तिथे छावणी वसली तिचं नाव हिंदनगर.

कैद्यांना वाटायचं हे भारतीय कम्युनिस्टांचे मित्र, आपल्याला जबरदस्तीने परत पाठवणार. रोज घोषणा, दगडफेक. एकदा त्यांनी आपल्या एका मेजरलाच तारेच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेरून गोळीबार केला असता तर मेजर गेलाच असता, आणि कैद्यांचा मुडदा पडला म्हणून साऱ्या जगात बोंब झाली असती. थोरात स्वतः मोजकी माणसं घेऊन आत गेले. हजारोंच्या संतापलेल्या जमावात जाऊन बसले, बोलले, ऐकून घेतलं आणि मेजरला सुखरूप बाहेर घेऊन आले. यासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं, ज्याला १९६७ पासून कीर्ती चक्र म्हणतात. सगळंच असं गोड झालं नाही हेही सांगायला हवं. दोन-तीन वेळा गोळी चालवावी लागली आणि कैदी मेलेही. पण १९५४ च्या जानेवारीत मुदत संपेपर्यंत ती छावणी टिकली.

आता शेवटचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि थोरात ईस्टर्न कमांडचे मुख्य, कार्यालय लखनौला. त्यांच्या हद्दीत नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. तिबेटात चीन येऊन बसला होता, १९५९ मध्ये लाँगजूला चकमकही झाली. थोरातांनी त्या ऑक्टोबरमध्ये नेफाच्या संरक्षणावर सविस्तर टिपण लिहून वर पाठवलं. त्याचा गाभा असा : मॅकमहोन रेषेवरच सगळी फौज मांडून लढायचं ठरवलं तर हरू, कारण तिथपर्यंत आपल्याकडे रस्तेच नाहीत. दारूगोळा, धान्य, सगळं पाठीवर नाहीतर विमानाने न्यावं लागेल. म्हणून सीमेवर फक्त इशारा देणारी छोटी ठाणी ठेवा, आणि खरी लढाई मागे, बोमडिलाच्या ओळीवर द्या. तिथपर्यंत येता येता शत्रूची रसद ताणली जाईल, त्याची अडचण वाढेल आणि आपली कमी होईल. आपल्यापैकी ज्यांनी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा पेपर दिलाय त्यांना हा निव्वळ लॉजिस्टिक्सचा प्रश्न आहे हे चटकन कळेल. १९६० च्या मार्चमध्ये त्यांनी लखनौला लाल किला नावाचा युद्धसराव घेऊन हेच वरिष्ठांना नकाशावर करून दाखवलं.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटलं नाही. चीन हल्ला करणार नाही अशी त्यांची खात्री होती, आणि थोरात उगाच युद्धाची भीती घालतात असं त्यांचं मत पडलं. टिपण फाइलीत गेलं. १९६१ च्या मे महिन्यात थिमय्या आणि थोरात दोघंही निवृत्त झाले. थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांचं नाव सुचवलं होतं, सरकारने थापर यांना नेमलं. ईस्टर्न कमांड गेली एल. पी. सेन यांच्याकडे. हो, तेच कांगॉचे सेन.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. नमका चू नदीच्या काठी, अगदी सीमेला चिकटून, उन्हाळी कपड्यांतली ब्रिगेड नेऊन ठेवली. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला आला, ती ब्रिगेड एका सकाळीत उद्ध्वस्त झाली. महिन्याभरात बोमडिलाही पडलं. थोरातांच्या टिपणात जी ओळ लढायची म्हणून होती ती लढण्यासाठी तयारच केलेली नव्हती. त्यांचं सगळंच बरोबर निघालं असतं असा माझा दावा नाही. पुरेशी फौज आणि रस्ते मिळाले असते तरच ती योजना चालली असती, आणि ते मिळाले असते का हे सांगता येत नाही. पण तीन वर्षं आधी कागदावर मांडलेलं कोणी वाचलं नाही, ही गोष्ट उरतेच.

पराभवाच्या दिवसांत पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. हे टिपण आपल्यापर्यंत का आलं नाही, असं पंतप्रधानांनी त्यांना विचारल्याची हकिगत थोरातांनी लिहून ठेवली आहे. त्याचं उत्तर मेननच देऊ शकतील, एवढंच त्यांनी सांगितलं.

थिमय्या १९६५ साली सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख असताना वारले. थोरात महाराष्ट्रात परतले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. एकेकाळी गोऱ्या बोर्डासमोर उभा राहिलेला हा उमेदवार आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांच्या मुलाखती घेत होता. १९८६ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट. १० ऑगस्ट १९९२ रोजी, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, ते गेले.

हे सगळं मी त्या चिंचपाड्याच्या मित्राला एका रात्री, मेसची भांडी आवरली जात असताना, सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग फक्त एवढंच विचारलं, की सँडहर्स्टला पहिल्या टर्ममध्ये किती किलोमीटर पळवायचे. मला माहीत नव्हतं. डिसेंबरमध्ये त्याला परत कॉल आला आहे, या वेळी अलाहाबाद.